मदत हवी आहे: पोर्टेड (भोकं पाडलेल्या) बॅरलच्या .२२ पिस्तुलाला सरावासाठी कोणते राउंड (काडतुसं) घ्यावेत?

मंजिरी_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मी वरळीच्या रेंजवर २५ मीटर करते, स्पोर्ट पिस्तूल आणि स्टँडर्ड पिस्तूल हे दोन्ही इव्हेंट. इतके दिवस क्लबच्या पिस्तुलावर भागत होतं. आता एका सीनियर नेमबाजाकडून जुनं इटालियन .२२ एलआर (लाँग रायफल) पिस्तूल घेतलंय. लायसन्सवर नोंद वगैरे रीतसर झालंय, तेव्हा कृपया त्यावर धागा भरकटवू नका.

याच्या बॅरलला पुढच्या टोकाशी, वरच्या अंगाला ओळीने भोकं आहेत. आधीच्या मालकांनी त्यातून कायम महागडे मॅच (स्पर्धेचे) राउंडच मारले. मला सरावाला ते परवडणार नाहीत. स्वस्तातले स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साध्या वेगाचे) मारून बघितले, तर फ्रंट साइटवर राखाडी थर बसतो आणि मधूनच रिकामी केस स्लाइडमध्ये उभी अडकते. शेजारच्या लेनवाल्यांनी "तुझ्या बंदुकीतून काहीतरी उडतंय" असंही ऐकवलं.

पर्याय तीन दिसतात: साधे मेण लावलेले शिशाचे स्टँडर्ड व्हेलॉसिटी, तांब्याचा मुलामा दिलेले हाय व्हेलॉसिटी, किंवा पोटाला चिमटा काढून मॅचचेच. कोट्यात बसतील तेवढेच घेता येतात, त्यामुळे प्रयोगाला फार वाव नाही. काय करू?

टप्पूशेट

हाय व्हेलॉसिटी घ्या की! भोकांना जितका गॅस जास्त, तितकी नळी खाली दाबली जाते. झटका गायब.

जुना_नेमबाज

टप्पूशेट, अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात पिस्तूल खिळखिळं होईल. टार्गेट पिस्तुलाची स्प्रिंग आणि बफर (स्लाइडचा धक्का झेलणारा तुकडा) स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या हिशेबाने बसवलेले असतात. ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, हे त्याचं खाणं. हाय व्हेलॉसिटी पावणेचारशेच्या पुढे जाते आणि स्लाइड प्रत्येक शॉटला मागे आपटते. शिवाय हे आकडे बहुधा रायफलच्या लांब बॅरलमधून मोजलेले असतात. पिस्तुलातून वेग कमीच मिळतो, आणि भोकांमुळे आणखी थोडा कमी. त्याने बिघडत काही नाही, कागदाला भोक पाडायचंय.

मंजिरी, तू वयाने लहान असशील असं धरून अगंतुगं करतो, राग मानू नकोस. सगळ्यात आधी बॅरलवर कोरलेलं कॅलिबर स्वतः वाच. २००५ पासून रॅपिड फायरला .२२ एलआर सक्तीचं झालं, त्याआधी तो इव्हेंट .२२ शॉर्टवर (एलआरपेक्षा आखूड काडतूस) चालायचा आणि त्या काळच्या पिस्तुलांना अशी भोकं सर्रास असायची. तुझं एलआर असणार, नाहीतर राउंड चेंबरमध्ये पूर्ण बसलाच नसता. तरी जुनी वस्तू हातात आली की नाव वाचूनच पुढे जायचं.

आता गंमत अशी की तुझ्या स्पोर्ट पिस्तुलाला त्या भोकांचा उपयोग जवळजवळ नाही. त्याच्या प्रिसिजन भागात पाच शॉटना पाच मिनिटं असतात, आणि रॅपिड भागात ३ सेकंद टार्गेट दिसतं, ७ सेकंद हात खाली. प्रत्येक शॉटला हात नव्याने उचलायचाय, तर नळी किती उडाली याचं काय? उपयोग होतो तो स्टँडर्डच्या १० सेकंदांच्या सीरिजला, आणि पुरुषांच्या रॅपिड फायरला, जिथे ४ सेकंदांत पाच टार्गेट मारायची असतात. तेव्हा भोकांसाठी राउंड निवडू नकोस. राउंड असा निवड की भोकं असूनही पिस्तूल चालत राहील.

सरावाला ग्रुपपेक्षा (टार्गेटवरच्या भोकांच्या पसाऱ्यापेक्षा) फंक्शन, म्हणजे न अडकता चालणं, बघ. प्रिसिजन टार्गेटचा दहाचा गोल ५० मिलिमीटरचा असतो, रॅपिडचा १०० चा. हात टेकवून २५ मीटरवर ३० मिलिमीटरचा ग्रुप देणारा कुठलाही साधा राउंड सरावाला पुरे. ३० आणि २० मधला फरक आपल्या हाताच्या थरथरीत वाहून जातो. पण दहा सेकंदांच्या सीरिजमध्ये तिसऱ्या शॉटला केस अडकली की ताल गेला, आणि पुढच्या सीरिजला डोकं ट्रिगरऐवजी "आता अडकेल का" यात.

राउंडला दोष देण्याआधी रिकॉइल स्प्रिंग बदल. जुन्या पिस्तुलात ती एकतर थकलेली असते, नाहीतर आधीच्या मालकाने आपल्या राउंडला जुळवून वेगळी टाकलेली असते. नव्या मालकाला ते सहसा सांगायचं राहून जातं.

मंजिरी_डोंबिवली

काका, अगंतुगं चालेल. बॅरल वाचलं, .२२ एलआरच आहे. स्प्रिंग दाखवते. पण तांब्याचा मुलामा असलेले स्टँडर्ड व्हेलॉसिटी मिळाले तर? भोकांत शिसं कमी साचेल ना?

वैशाली_ठाणे

थोडं कमी साचतं, पण स्पर्धेच्या नियमात गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची लागते. सराव एका गोळीवर आणि स्पर्धा दुसरीवर केलीस तर साइटची क्लिक बदलत बसशील. मी मॅचच्याच कंपनीचा खालच्या दर्जाचा राउंड सरावाला वापरते. वजन तेच, वेगही जवळपास तोच, आणि आघाताचा बिंदू फारसा हलत नाही. महागडा डबा स्पर्धेआधीच्या आठवड्यात काढायचा. दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा घेऊन बघ, आणि जो चालेल त्याचा एकाच लॉट नंबरचा साठा घे.

आणि शेजारच्यांची तक्रार खरी आहे गं. गोळी भोकांवरून जाताना कडेला शिसं खरवडलं जातं, ते गॅसबरोबर वर-बाजूला उडतं. कापसाचा बोळा बॅरलमधून हळूच फिरव. भोकांपाशी धागे अडकले तर कडेला बारीक धार राहिली आहे, गनस्मिथकडून साफ करून घे, स्वतः कानस लावू नकोस. चष्मा तुला आणि शेजारच्यालाही.

जुना_नेमबाज

वैशालीशी सहमत. भोकं साफ करताना लोखंडी टोच्या वापरू नकोस. सॉल्व्हंट लावून तासभर ठेव, मग नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी. पावसाळ्यात लोकलमधून घरी गेल्यावर पिस्तूल पेटीतून काढून पुसायचं, आपल्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. तेल मात्र पातळ. चेंबरमध्ये तेल साचलं की राउंडला लागतं, मग मिसफायरसाठी पुन्हा धागा काढशील. मिसफायर झालाच तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच स्लाइड ओढायची नाही.

उन्हाळ्यात राउंड गाडीच्या डिकीत ठेवू नकोस, मेण वितळून धूळ धरतं आणि तीच धूळ बॅरलमध्ये जाते. हात साबणाने धुतल्याशिवाय रेंजबाहेरचा वडापाव नाही.

टप्पूशेट

काका, ती स्प्रिंग मुंबईत कुठे मिळेल ते पण सांगा. माझ्याकडेही तसंच पिस्तूल आहे. हाय व्हेलॉसिटीवालं. 😬

जुना_नेमबाज

व्यनि (खासगी निरोप) बघा. बफरही मागवा.