लिटरचे किलो करताना: तेलाच्या पिशवीचा हिशोब

एक लिटर तेलाची पिशवी काट्यावर ९१० ग्रॅमच भरली, म्हणजे माप मारले का, असा प्रश्न पडू शकतो. तेवढ्यावरून तसे म्हणता येणार नाही. लिटरला किलो हे समीकरण पाण्याचे आहे, आणि तेही ४ अंश सेल्सियसच्या आसपास. ३० अंशांना एक लिटर पाणी सुमारे ९९६ ग्रॅम भरते. खाद्यतेले पाण्याहून हलकी असून त्यांची घनता, म्हणजे एका लिटरचे किलोतले वजन, साधारण ०.९१ ते ०.९२ असते, त्यामुळे १५ किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर तेल मावते. एका दुकानात १६० रुपये लिटर आणि दुसऱ्यात १७० रुपये किलो असा भाव असेल, तर १६० ला ०.९१ ने भागावे; किलोचा भाव जवळजवळ १७६ रुपये येतो आणि दुसरे दुकान स्वस्त ठरते.

खरी मेख तापमानात आहे. तेल तापले की फुगते, म्हणून २१ अंशांना ९१९ ग्रॅम भरणारे एक लिटर सोयाबीन तेल ६० अंशांना ८९३ ग्रॅमच्या आसपास येते. पाकिटावर ६० अंशांचे लिटर छापले, तर ग्राहकाला तेवढे तेल कमी मिळते. हे लक्षात घेऊन केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तापमान न लिहिता आकारमान आणि सोबत वजन छापण्यास उत्पादकांना सांगितले, आणि माझ्या मते ते अगदी योग्य झाले. पिशवी तपासताना छापील ग्रॅमच पाहावेत, रिकाम्या पिशवीचे वजन मात्र वजा करावे.

लिटरचे किलो करताना दुधाच्या लिटरांना १.०३ ने आणि मधाच्या लिटरांना सुमारे १.४ ने गुणावे. पिठाला असा आकडा नाही, कारण वाटी ठोकून भरली की वजन बदलते. तिथे काटाच हवा.