ई-मेलवरून भूमिकाखेळ: पाच जणांनी सुरुवात कशी करावी?

मुक्कामपोस्ट
आम्ही पाच जण आहोत. तिघं महाराष्ट्रात, एक फ्रँकफर्टला, एक न्यू जर्सीत. ई-मेलवरून मिळून एक कथा खेळायची आहे, मराठीतच. प्रत्येकाचं एक पात्र, आणि पुढचं काय ते एकमेकांच्या मेलमधून घडत जाईल. पार्श्वभूमी ठरली आहे: १८९७ चं पुणं, प्लेगच्या झडत्या, एक वाडा आणि त्यातली बिऱ्हाडं. पहिली मेल जाण्याआधी काय ठरवून घ्यावं? आणि असे खेळ महिन्याभरात थंडावतात ते कशानं?

तिसरीघंटा
थंडावतात ते वाट पाहण्यानं. ह्याला वाटतं पाळी त्याची, त्याला वाटतं ह्याची. म्हणून ठरलेल्या क्रमानं पाळ्या लावूच नका, एक माणूस अडला की सगळा वाडा अडतो. त्याऐवजी दोन नियम करा. आपल्या मेलनंतर त्या प्रवेशात दुसऱ्या कुणाची मेल आल्याशिवाय आपण पुन्हा लिहायचं नाही. आणि ज्याच्या पात्राला थेट विचारलंय त्यानं ४८ तासांत उत्तर द्यायचं, दोन ओळींचं का होईना. ७२ तास उलटले की सूत्रधार त्या पात्राला हौदावर पाण्याला पाठवून देतो नि प्रवेश पुढे सरकतो.

हो, सूत्रधार लागतोच. चौघं खेळाडू, पाचवा सूत्रधार. शिपाई, शेजारी, अफवा, मेलेले उंदीर हे सगळं त्याच्याकडे. एक प्रवेश बारा-पंधरा मेलांत संपवा, एका वेळी फार तर दोन प्रवेश चालू ठेवा. एक पात्र दोन्ही प्रवेशांत नको, नाहीतर काकू एकाच संध्याकाळी माडीवरही असतात आणि चौकातही.

मेल १५० ते ३०० शब्दांची पुरे. लांबीपेक्षा मोठा गुन्हा म्हणजे दुसऱ्याचं पात्र हलवणं. उदाहरणार्थ:

«शंकरनं दार लावलं. ते पाहून गोदूकाकू घाबरल्या आणि त्यांनी किल्ल्या त्याच्या हाती दिल्या.»

शंकर खेळणाऱ्यानं काकूंची भीतीही लिहिली, कृतीही. काकू खेळणाऱ्याला आता लिहायला काय उरलं? हेच असं हवं:

«शंकरनं दाराला अडसर घातला नि हात पुढे केला. “काकू, कोठीच्या किल्ल्या द्या. बोळात बूट वाजतायत.”»

हात पुढे आहे, किल्ली अजून कनवटीलाच आहे. प्रत्येक मेल अशी कुणाच्या तरी दारात सोडायची.

रँड, टिळक ह्यांना पात्र करू नका. ते बातमीत, कुजबुजीत असू द्या. घरोघरच्या झडत्या मार्च ते मे १८९७ मधल्या, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तुमचा शेवट त्याच्या अलीकडे ठेवा, म्हणजे इतिहास बदलायचा मोह होणार नाही.

अहोजाहो
वरच्यात एक भर. पात्रांची माहिती लिहिताना वय-व्यवसायाच्या जोडीला हाकांचा तक्ता करा. चार पात्रं म्हणजे बारा चौकोन: कोण कुणाला अरे, कोण अहो, कोण नावच घेत नाही. त्या काळातली बायको नवऱ्याला नावानं हाक मारणार नाही, “इकडून येणं कधी झालं?” असं विचारेल. तक्ता नसला की पहिल्या मेलीत “ए शंकर” आणि तिसरीत “शंकरराव” होतं, आणि मग दोघांत काही बिनसलं की काय अशी वाचणाऱ्याला उगाच शंका.

तृतीय पुरुष, भूतकाळ धरा. चौघांनी “मी” लिहिलं तर उतारे एकत्र लावताना हा मी कोणता ते कळत नाही. आणि कथेबाहेरचं बोलणं (रजा, शंका, “हे चालेल का?”) मेलीच्या तळाशी रेघ मारून “पडद्यामागे:” अशा मथळ्याखाली.

तळघर
मेलचं तंत्र. गूगल ग्रुप्सवर खाजगी गट काढा, म्हणजे एकच पत्ता. डायजेस्ट बंद ठेवा, नाहीतर दिवसाच्या मेलांचा गठ्ठा येतो आणि उत्तर भलत्याच विषयाखाली जातं.

विषयाची ओळ: [वाडा] प्र. ३, माडी, संध्याकाळ. प्रवेश संपेपर्यंत तिला हात लावायचा नाही. जीमेलमध्ये विषय बदलला की नवा धागा पडतो. एका धाग्यात १०० मेल झाल्या तरीही पडतो, पण प्रवेश तोवर लांबलाच तर दुखणं वेगळंच आहे.

उत्तर देताना खालची जुनी शेपटी छाटा. जीमेल साधारण १०२ केबीपुढची मेल कापून दाखवतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, त्यामुळे मराठीत ही मर्यादा लवकर गाठली जाते. कापलं जातं ते तळाचं, म्हणजे नेमकं “पडद्यामागे”.

गुपित असेल तर सूत्रधाराला कोरी नवी मेल. गटाच्या मेलीवरच “उत्तर द्या” दाबून पत्ता बदलायला जाऊ नका, घाईत तो बदलायचा राहतोच. मुदती भारतीय वेळेत लिहा: रविवार रात्री ९ म्हणजे न्यू जर्सीत ऋतूप्रमाणे सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा.

मुक्कामपोस्ट
छान. फाशांचं काय? झडतीत मोहरांचा डबा सापडतो की नाही, हे कुणी ठरवायचं?

तिसरीघंटा
फासे फक्त अशाच जागी. दोन साधे फासे, सूत्रधारानं टाकायचे आणि बेरीज पडद्यामागे लिहायची. १० किंवा जास्त: निभावलं. ७ ते ९: निभावलं, पण काहीतरी मोजावं लागलं. ६ किंवा कमी: फसलं. ३६ पैकी ६, १५ आणि १५ वेळा हे निकाल येतात, म्हणजे पूर्ण यश दुर्मीळ. तयारी आधीच्या मेलांत दिसली असेल तर एक मिळवा.

एका झडतीला एकच टाक. हालचालीगणिक टाकत बसलात तर चौघांचे ४८-४८ तास धरून एक फेरी आठ दिवस खाते. पोस्टाच्या बुद्धिबळात कार्डावर “तू अमुक केलंस तर माझी ही खेळी” असं लिहून पाठवायची रीत आहे, तीच इथे वापरा: «शिपाई कोठीत शिरला तर शंकर डबा ताकाच्या रांजणामागे सरकवतो, माडीवर गेला तर जागचा हलत नाही.» झडतीआधी चौघांनी अशा दोन-दोन ओळी सूत्रधाराला द्यायच्या.

आणि ६ आले म्हणून “डबा सापडला” असं लिहून मोकळं होऊ नका. बुटाखाली फरशी पोकळ वाजली, एवढ्यावर मेल संपवा. पुढची मेल कोठीत जो उभा असेल त्याची.