मराठी मथळा मधेच कापून तीन टिंबं लावायचं बंद करा राव

पंचगंगाकाठ
गेल्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला प्रयाग चिखलीच्या आत्याचा फोन, "आरं राधानगरीचं दरवाजं उघडल्यात म्हणं, म्हसरं हलवायची का?" म्हटलं कुठं वाचलंस, तर म्हणे मोबाइलवर. एका लोकल बातम्यांच्या साइटवर जाऊन बघतो तर कार्डावर, म्हणजे बातमीच्या छोट्या चौकटीवर, लिहिलंय "राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले…" आणि दाबून आत गेलं की "…उघडले नाहीत, अफवांवर विश्वास ठेवू नका". म्हणजे अफवा थांबवायला दिलेल्या बातमीनंच अफवा पसरवली, कारण 'नाहीत' टिंबांत गेलं.

इंग्रजीत 'नॉट' वाक्याच्या मधे येतं, शेवट कापला तरी ते बहुतेक वेळा वाचतं. आपल्यात क्रियापद शेवटाला आणि 'नाही' त्याच्याही मागं. शेपूट कापायची पद्धत त्यांना चालत असेल, आपला जीव शेपटातच हाय. मथळ्याच्या चार ओळी झाल्या तर होऊ देत, पण कापू नका.

आठवी_गल्ली
भावा मी साइटीच बनवतो, म्हणून बोलतो. चार ओळी होऊ देत म्हणायला सोपं हाय. कार्डं एका रांगेत असतात, एकाचा मथळा चार ओळी आणि शेजारच्याचा एक, की मधे भोकं पडतात आणि क्लायंट विचारतोय पडक्या वाड्याची भिंत केलीस काय म्हणून. मोबाइलवर तर एकच बातमी अख्खा स्क्रीन खाते आणि खालच्या पाच बातम्या कुणी बघतच न्हाई.

आणि कापलं कापलं काय लावलंयस? सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगायच्या भाषेत, ओव्हरफ्लो हिडन, नोरॅप आणि टेक्स्ट-ओव्हरफ्लोला इलिप्सिस (तीच तीन टिंबं) दिलं की एका ओळीत बसतंय, जास्त ओळी पाहिजेत तर लाइन-क्लॅम्प, त्यात ओळी किती ते सांगायचं. मजकूर कुठं जात न्हाई, पानात पूर्ण असतो, अंधांसाठीचा स्क्रीन रीडर पूर्ण वाचून दाखवतो, फक्त डोळ्याला दिसत न्हाई. आत्यानं दाबलं न्हाई त्याला मी काय करू.

पंचगंगाकाठ
डोळ्याला दिसत न्हाई हेच तर म्हणालोय मी! आत्या स्क्रीन रीडर लावत न्हाई, चष्मा लावते.

पेठेतली_पोरगी
आठवी गल्ली दादा, तुम्ही निदान सीएसएसनं झाकता. अर्धी जनता सर्व्हरवरच, म्हणजे पान जिथून येतं तिथंच, कापून पाठवते, तिथं मागं काही उरतच नाही. पीएचपी या सर्व्हरवरच्या भाषेत मजकूर कापायचं साधं सबस्ट्र लावलं की ते बाइट (साठवणीचं माप) मोजतं, आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. 'श्री' दिसायला एकच अक्षर पण आत श, हलंत, र, वेलांटी अशी ४ चिन्हं म्हणजे १२ बाइट. मधेच सुरी फिरली की शेवटाला तो काळ्या चौकटीतला प्रश्नचिन्हवाला डाग येतो. मग लोक त्याचंच सुधारित एमबी-सबस्ट्र लावून सुटलो म्हणतात, ते पण खोटं, कारण ते चिन्हं मोजतं, अक्षरं नाही. 'कोल्हापूर' चार चिन्हांवर कापून बघा, 'कोल्' उरतं, हलंत लोंबकळत. आणि सहावर कापलं तर 'कोल्हा…'

कट_जास्त
कोल्हा 😂😂 शहराचं नाव काढलंस बघ

पेठेतली_पोरगी
हसू नका, इलाज आहे यावर. ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर म्हणून आहे ते अक्षराप्रमाणे किंवा शब्दाप्रमाणे तोडून देतं. सगळ्या लिप्यांचं मानक ठरवणाऱ्या युनिकोडनं २०२३ मध्ये १५.१ आवृत्तीत जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम पण घातला. आणि काहीच जमत नसेल तर निदान मागच्या रिकाम्या जागेपर्यंत या आणि तिथं तोडा, एवढं तरी.

पंचगंगाकाठ
ताई, अक्षर नीट कापलं म्हणून अर्थ नीट राहतोय का पण? 'उघडले' हा शब्द अख्खाच होता की.

कट_जास्त
मला तर परवा एका अ‍ॅपात ठिकाण निवडायचं होतं. यादीत तीन ओळी, तिन्हीवर 'छत्रपती…' एवढंच. एक शाहू महाराज टर्मिनस, एक राजाराम महाराज विमानतळ, एक प्रमिलाराजे रुग्णालय. आता सांगा, रेल्वेला जायचंय का इमानाला का अ‍ॅडमिट व्हायचंय? माणूस कसा त्या रुग्णालयाला नुसतं सीपीआर म्हणतोय, रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतोय. माणसानं बारीक केलेलं कळतंय, मशीननं केलेलं न्हाई.

आठवी_गल्ली
मग शिवाजी विद्यापीठाच्या नामविस्ताराला विरोध करणारे तेच म्हणत होते, नाव लांबवलं की लोक लघुरूप करणार.

कट_जास्त
तो विषय इथं नको काढू, रात्रभर धागा झोपणार न्हाई.

जुना_उपसंपादक
तुम्ही सगळे पोरं चुकीच्या जागी भांडताय. आम्ही पेपरात कॉलमाची रुंदी बघून मथळा द्यायचो, अक्षरं बसली नाहीत तर शेवटची चार छाटून टिंबं लावली असती तर संपादकांनी घरी पाठवलं असतं. मथळा बसवायचा म्हणजे परत लिहायचा. "राधानगरीचे दरवाजे बंदच", झालं. त्या 'च'मध्ये अफवेचं उत्तर पण आलं, आणि कुठल्याही फोनवर बसतंय. पुराच्या बातमीत तर आकडा आधी यावा, "पंचगंगा ३९ फुटांवर, इशारा पातळी गाठली". ४३ ला धोका हे इथल्या पोरासोरांना पाठ आहे, ते सांगत बसायला नको.

आठवी_गल्ली
ह्येच! काका लाखातलं बोलला. मर्यादा असली की माणूस नीट लिहितोय. एसएमएसला बघा, इंग्रजीत १६० आणि मराठीत एका मेसेजला ७०च, तरी लोकांनी संसार केलेच की. दोष सीएसएसचा न्हाई, लिहिणाऱ्याचा.

पंचगंगाकाठ
काका तुमचं पटलं, पण तुमच्या पेपरात रात्री उपसंपादक बसलेला असायचा. इथं एकच पोरगं बातमी लिहितंय, फोटो टाकतंय, जाहिरात पण आणतंय, आणि कार्डावर किती दिसणार हे त्याला टाकताना दिसतच न्हाई. निदान त्या फॉर्मात तरी दाखवा, 'एवढं दिसेल, पुढचं जाईल' म्हणून.

आठवी_गल्ली
हे करता येईल. खरंच करता येईल, नोंद करून ठेवतो.

पेठेतली_पोरगी
मी गणपतीच्या मंडळांची यादी केली होती तेव्हा अजून एक कळलं. पतसंस्थांच्या नावाचं शेपूट बिनधास्त कापा, सगळ्यांच्या मागं 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित'च असतं, ओळख पुढं असते. मंडळांचं बरोबर उलटं. सुरुवातीला सगळे 'श्री' आणि 'शिवाजी तरुण मंडळ', आणि कुठल्या पेठेचं ते शेवटाला. तिथं मी मधलं कापलं, पुढचं आणि मागचं ठेवलं. एका मंडळाचे कार्यकर्ते आले भांडायला, आमच्या नावातलं 'सार्वजनिक' कुठं गेलं म्हणून. दिलं परत घालून, दोन ओळी झाल्या, काही बिघडलं नाही डिझाइनचं.

आठवी_गल्ली
बरं, मांडवली. बातम्यांच्या कार्डाला मी लाइन-क्लॅम्प दोनाचं तीन करतो. चौथी ओळ मिळणार न्हाई.

पंचगंगाकाठ
आत्यानं फोनमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवल्यात. तुझ्या तीन ओळीत तिला 'दरवाजे उघडले' पर्यंतच दिसतंय, आत्ताच तिच्या फोनवर बघून आलो.