‘समांतर विश्व’ की आणखी काही? फ्लॅशपॉइंटला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
‘द फ्लॅश’ मालिकेच्या तिसऱ्या पर्वावर मराठीत लिहायला घेतलंय. विजेच्या वेगाने धावणारा नायक बॅरी ॲलन (म्हणजेच फ्लॅश) भूतकाळात जाऊन आईचा खून टाळतो आणि सगळं जगच पालटतं, ते फ्लॅशपॉइंट. मराठीत बरेच जण त्याला सरळ ‘समांतर विश्व’ म्हणून मोकळे होतात. मला ते खटकतंय, कारण चाहते ज्यासाठी चिडले होते ते या शब्दात येतच नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

प्रतिसाद :
खटकायलाच हवं. समांतर म्हटलं की दोन्ही एकाच वेळी असायला हवीत. दुसऱ्या पर्वातलं ‘अर्थ-टू’ हे समांतर विश्व. तिथला शास्त्रज्ञ वेल्स वेगळा, इथला वेगळा. फ्लॅशपॉइंटमध्ये दुसरं जग नाहीच, आहे तेच खोडून त्यावर नवं लिहिलंय. ‘फ्लॅश’च्याच जगात घडणाऱ्या ‘ॲरो’ मालिकेतल्या डिगलची मुलगी सारा आठवा. बॅरीच्या उपद्व्यापानंतर तिच्या जागी मुलगा आला, जॉन. आणि बापाला पत्ताच नाही की आपल्याला मुलगी होती! समांतर म्हटलं तर सारा कुठेतरी खेळत असेल एवढा तरी दिलासा राहतो. लोक भडकले ते तिच्यासाठी कुठलंच जग उरलं नव्हतं म्हणून. २०२०मध्ये ‘क्रायसिस’ या अनेक मालिकांच्या सामायिक कथेनंतर ती परत आली खरी, पण तोवर बॅरीला कुणी माफ केलं नव्हतं (मी तर अजूनही नाही).

प्रतिसाद :
मग ‘प्रतिसृष्टी’ घ्या की. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी हट्टाने निर्माण केली तशी. बॅरीचाही हट्टच.

प्रतिसाद :
हट्टापुरतं जुळतं, पण काका, विश्वामित्राने ब्रह्मदेवाची सृष्टी पुसली नव्हती. प्रतिसृष्टीही शेवटी शेजारचीच. नारळीकरांच्या कथेतले गंगाधरपंत मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन येतात, तिथे आपलं हरलेलं पानिपत जागच्या जागी असतं. तिथे ‘समांतर’ चालेल, इथे नाही.

प्रतिसाद :
‘पर्यायी वास्तव’ का नको? वर्तमानपत्रांतही वापरतात.

प्रतिसाद :
कारण पर्याय निवडायचा असतो. इथे निवड फक्त बॅरीची. बॅरीचा मित्र सिस्को, त्याला कुणी विचारलं होतं का, तुझा भाऊ दान्ते गेलेला चालेल का म्हणून? बॅरीची प्रेयसी आयरिस आणि तिचे वडील जो यांचं बोलणं बंद झालेलं चालेल का?

प्रतिसाद :
शब्दाचं होईल काहीतरी. माझी तक्रार वेगळीच आहे. २०११च्या मूळ कॉमिक्समध्ये या कथेला पाच अंक दिले होते. मालिकेत निदान अर्धं पर्व तरी चालेल म्हणून आम्ही आस लावून बसलो, आणि ४ ऑक्टोबर २०१६च्या पहिल्याच भागात खेळ खलास. अब्जाधीश सिस्को, दारूडा जो, मुलांचे डोळे तपासणारी बॅरीची सहकारी केटलिन, सगळं दाखवलं आणि लगेच गुंडाळलं. याला मराठीत एकच शब्दप्रयोग आहे : येरे माझ्या मागल्या.

प्रतिसाद :
निराशा मान्य, शब्दप्रयोग नाही. ‘येरे माझ्या मागल्या’ म्हणजे सगळं जसंच्या तसं पूर्वीसारखं. इथे बॅरीने काळ पूर्ववत करायचा प्रयत्न केला, तरी मागलं जसंच्या तसं परत आलंच नाही. दुसऱ्या भागात जे गॅरिक नावाचा दुसरा वेगवान नायक बॅरीला फुटलेला कप दाखवतो : जोडता येतो, पण तडा राहतोच. दान्ते आणि सारा त्या तड्यातले. ज्यांना बदललेलं जग बघायचं होतं ते नाराज झाले, ज्यांना त्याचे परिणाम बघायचे होते ते पर्वभर बघत राहिले. मी दुसऱ्या गटात, तरी अब्जाधीश सिस्को आणखी दोन भाग चालला असता.

प्रश्नकर्ता :
ठरलं. वर्णन करताना ‘पालटलेला काळ’, अर्थ-टूसाठी ‘समांतर विश्व’, आणि नाव म्हणून फ्लॅशपॉइंट तसंच ठेवतो.

प्रतिसाद :
‘पालटलेला काळ’ छान. फक्त प्रश्नात तुम्ही ‘ते फ्लॅशपॉइंट’ लिहिलंय. आपण तो पॉइंट म्हणतो, म्हणजे तो फ्लॅशपॉइंट हवा.

प्रश्नकर्ता :
माझ्या डोक्यात ‘ते जग’ होतं, म्हणून ‘ते’ आलं. बॅरीने केलेला घोळ म्हणताना मीही ‘तो’च म्हणेन.

प्रतिसाद :
लेखात दोन्ही आली तर वाचणारा गोंधळेल. सगळीकडे ‘तो’ करा.