भिंतीवर काय लिहावं: 'कित्ता', 'आदर्श' की 'उदाहरण'?

ठाण्यातली शब्बाथशाळेची ताई

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांच्या रविवारच्या वर्गाची (शब्बाथशाळेची) खोली नव्याने रंगवून झाली. समोरच्या भिंतीवर एक वचन लिहून घ्यायचं ठरलं आहे: तरुण तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातलं, पहिले तीमथ्य ४:१२. आपल्या नेहमीच्या मराठी पवित्र शास्त्रात ते असं आहे: 'भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास व शुद्धता ह्यांविषयी विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता हो.' माझ्याबरोबर शिकवणाऱ्या दोन तरुण मुलींचं म्हणणं असं, की 'कित्ता' हल्लीच्या मुलांना कळत नाही, सरळ 'आदर्श हो' लिहू या. मागच्या रविवारी मी वर्गात विचारूनच पाहिलं. अकरा मुलं होती, एकालाही सांगता आलं नाही. एकाला तो 'कितवा'चा भाऊ वाटला. म्हणजे मुलींचं म्हणणं खरं आहे.

तरी माझा हात 'कित्ता' खोडायला धजत नाही. आम्ही पाटीवर शिकलो. बाई वरच्या ओळीत 'अननस' लिहून द्यायच्या आणि खाली आम्ही तेच काढायचो. वरची ओळ तो कित्ता. ती कौतुकाने बघत बसण्यासाठी नसायची, तिच्याखाली आपली ओळ उतरवायची असायची. 'आदर्श' म्हटलं की मला हार घातलेली तसबीर दिसते. पण हा माझ्या वयाचा हट्ट असू शकतो, म्हणून इथे विचारते आहे. शब्द जाणणाऱ्यांनी सांगावं.

नेरूळकरीण

ताई, 'आदर्श'ची बाजू मांडते, कारण त्याच्यावर थोडा अन्याय होतो आहे. संस्कृतात आदर्श म्हणजे मुळात आरसा. आणि ज्या पोथीवरून नक्कल उतरवायची त्या मूळ प्रतीलाही आदर्श म्हणत. नक्कल करणारा ती समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवायचा. म्हणजे तुमचा कित्ता आणि माझा आदर्श एकाच कामाचे.

आज तो अर्थ कुणाच्या कानात उरलेला नाही, हे मात्र कबूल करते. मित्रमंडळापासून वाचनालयापर्यंत, पुरस्कारापासून गृहसंकुलापर्यंत सगळीकडे 'आदर्श' लागला आणि शब्द गुळगुळीत झाला.

'उदाहरण'चा तर विचारही करू नका. 'उदाहरण हो' म्हटलं तर मुलं वही काढून सोडवायला बसतील.

कोपरीकर

मी ख्रिस्ती नाही, मराठी शिकवतो. माझी शंका वेगळी आहे. 'कित्ता गिरवणे' आज वर्तमानपत्रात कुठे भेटतं? एकाने बेकायदा मजला चढवला, शेजारच्याने तोच कित्ता गिरवला. बापाने बुडवले, मुलाने कित्ता गिरवला. चांगल्या कामासाठी हा वाक्प्रचार क्वचितच येतो. मूल मोठं होऊन बाहेर पडेल तेव्हा त्याला हाच अर्थ भेटणार. मग भिंतीवरच्या 'कित्ता हो'ची त्याच्या मनात काय गत होईल?

अवांतर: सरकारी तक्त्यांत वरचीच नोंद पुन्हा आली की खालच्या रकान्यात 'कित्ता' लिहायची रीत आहे. 'वरीलप्रमाणे' या अर्थाने. मूळ अरबी शब्द 'कित्अ' म्हणजे तुकडा. फारसी सुलेखनात नमुना म्हणून लिहिलेल्या चार ओळींच्या पानालाही तेच नाव आहे. त्यामुळे तुमच्या बाईंचा 'अननस' त्याच घराण्यातला.

ठाण्यातली शब्बाथशाळेची ताई

कोपरीकर सर, तुमची शंका मला अडचणीची वाटत नाही, उलट ती मला 'कित्त्या'कडेच ढकलते. का, ते सांगायला एक गोष्ट सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर होतं तरी वर्ग बंद ठेवायचा नव्हता, म्हणून मी फळ्यावर डाव्या हाताने वचन लिहू लागले. 'प्रीती'ची वेलांटी माझ्या हातून मध्येच कापत जायची, जरा थांबून पुढे वळायची. तिसऱ्या रविवारी वह्या तपासायला घेतल्या, तर सात-आठ वह्यांत वेलांटी तशीच. मध्ये बारीक थरथर, मग वळण. मुलांचे हात धडधाकट होते! त्यांनी अक्षर गिरवलं आणि अक्षराबरोबर माझं दुखणंही गिरवलं. मी एका मुलीला विचारलं, असं का काढलंस? ती म्हणाली, 'तुम्ही तशी काढता ना.'

वेलांटीचं मनाला लावून घेतलं नाही. पण त्याच महिन्यात आणखी एक झालं, ते मात्र लागलं. आमच्या आवारात झाडलोट करणारे एक काका आहेत. माझ्याहून वयाने मोठे. दुखऱ्या हातामुळे माझी चिडचिड व्हायची आणि मी त्यांना अरे-तुरे करू लागले होते. 'अरे, खुर्च्या लावल्यास का? अरे, ऐकू येतं की नाही तुला?' एका रविवारी वर्गातला आठ वर्षांचा मुलगा दारात उभा राहून त्यांना म्हणाला, 'ए, पाणी भरलं नाहीस अजून?' सूर माझा होता. 'अजून'वरचा झटकाही माझा. काका काही बोलले नाहीत, कळशी उचलून गेले. त्या दिवशीचा माझा पाठ 'शेजाऱ्यावर प्रीती' हा होता आणि तो मी मन लावून तयार केला होता.

त्या मुलाला दटावायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकांची माफी मी त्याच दुपारी मागितली, मुलांच्या देखत. आज त्यांना सगळा वर्ग 'काका, अहो' म्हणतो, पण त्याला चार-पाच महिने लागले. वर्गातलं सूत्र पाठ व्हायला एक रविवार पुरतो.

म्हणून म्हणते, कित्ता चांगलाच असतो असं शब्दात कुठेच नाही. वरची ओळ जशी, तशी खालची. तुमच्या वर्तमानपत्रातल्या बेकायदा मजल्याचाही कित्ताच. 'आदर्श' आपोआप चांगला ठरतो, तिथे लिहिणाऱ्याला जपावं लागत नाही.

वाशीचा पाळक

ताई, तुमच्या गोष्टीनंतर पवित्र शास्त्रातलं मूळ ग्रीक काढायला जरा संकोच वाटतो, पण काढतो, कारण तिथे तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

पहिले पेत्र २:२१ पाहा. ख्रिस्ताने तुमच्यासाठी दुःख भोगलं आणि त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून चालावं म्हणून 'कित्ता घालून दिला'. तिथला ग्रीक शब्द 'हुपोग्रामोस'. हुपो म्हणजे खाली, ग्रामा म्हणजे अक्षर. ज्याच्याखाली लिहायचं ती ओळ! नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच जागी येतो. पुढे आलेक्सांद्रियाचा क्लेमेंत हा जुना ख्रिस्ती लेखक हाच शब्द मुलांच्या अक्षर गिरवण्याच्या धड्यांसाठी वापरतो. तेव्हा मराठी भाषांतर करणाऱ्यांनी तिथे 'कित्ता' घातला तो नेमका बसला. माझ्या मते आपल्या पवित्र शास्त्रातल्या सगळ्यांत चपखल शब्दांपैकी हा एक. इंग्रजीत तिथे नुसता 'एक्झाम्पल' आहे, पाटी-पेन्सिल त्यात दिसतच नाही.

आता ते वचन कुणाला उद्देशून आहे तेही पाहा. तीन ओळी वर, २:१८ मध्ये. घरच्या चाकरांना. सौम्य धन्यांच्याच नव्हे, कठोर धन्यांच्याही चाकरांना. २:२३ मध्ये त्या कित्त्यातलं एक अक्षरही दिलं आहे: त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही. तुमच्या आवारातल्या काकांनी कळशी उचलली आणि गेले, तेव्हा त्या दारात दोन कित्ते होते, ताई. मुलाने जवळचा उचलला.

हे टोचण्यासाठी लिहीत नाही. अशी एक गोष्ट माझ्यापाशीही आहे, ती कधी प्रत्यक्ष भेटीत सांगेन.

कोपरीकर

मग तीमथ्यातही तोच ग्रीक शब्द आहे का?

वाशीचा पाळक

नाही, तिथे 'तुपोस' आहे. ठोकून उठवलेली खूण, ठसा. तीताला लिहिलेल्या पत्रात २:७ ला, जिथे सत्कर्मांबरोबर शिक्षणातल्या निर्मळपणाची गोष्ट आहे, तिथेही तुपोस. पहिले पेत्र ५:३ मध्ये मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना 'कळपाला कित्ते व्हा' म्हटलं आहे, तिथेही तेच. आणि योहान २०:२५ मध्ये शिष्य थोमा येशूच्या हातांतल्या ज्या खिळ्यांच्या व्रणांविषयी बोलतो, ते व्रणही तुपोसच. मराठीने तीमथ्य, तीत, पेत्र सगळीकडे 'कित्ता' घेतला. ठशाची छटा तिथे सुटली खरी, पण निवड एकदा केली आणि ती पाळली.

ऐरोलीचा जुळारी

पाळकसाहेब, तुपोसवरूनच इंग्रजी 'टाइप' आला ना? आम्ही छापखान्यात त्याला खिळा म्हणायचो. खिळे जुळवणारा तो जुळारी, मी एकोणीस वर्षं ते काम केलं. तुमचे खिळ्यांचे व्रण आणि आमचे खिळे, योगायोग आहे, पण वाचून अंगावर काटा आला.

कामातली एक गोष्ट सांगतो. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. हातात धरून वाचायला गेलं तर नवख्याला कळत नाही. कागदावर उतरलं की सुलटं. आणि खिळ्याचा कोपरा उडालेला असला, तर हजार प्रतींत तो कोपरा उडालेलाच येतो. प्रत खोडरबराने दुरुस्त करून चालत नाही. खिळा काढून दुसरा बसवावा लागतो. ताईंनी मुलाला दटावलं नाही, काकांची माफी मागितली, ते आम्हा जुळाऱ्यांना लगेच कळतं.

आणि मराठी खिळ्यांना देखणं वळण मिळालं ते मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात, टॉमस ग्रॅहॅम यांच्या हातून. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी तिथेच काम शिकले.

नेरूळकरीण

जुळारीदादांनी सहज एक शब्द टाकला, तो धरून ठेवा: वळण. मराठीत अक्षराला वळण असतं आणि मुलालाही वळण लावतात. 'हिच्या अक्षराला वळण नाही' आणि 'हिला काही वळण नाही', दोन्ही एकाच स्वयंपाकघरात ऐकलेली वाक्यं. लिहिणं आणि वागणं मराठीने आधीच एका सुतात ओवलेलं आहे. म्हणून 'कित्ता' मराठी कानाला परका वाटत नाही, फक्त विसरलेला आहे. मुलांना वळण कळतं ना? मग कित्ताही पाच मिनिटांत कळेल. मी माझी बाजू सोडते. 'कित्ता'च लिहा.

उथळसरचा शेजारी

आम्ही कॅथलिक, आमच्या घरात या जागी 'साक्ष' जास्त ऐकू येते. ताईंच्या मंडळ्यांतही 'साक्ष खराब झाली', 'आपली साक्ष राखा' असं बोलतात ना? कोर्टातली साक्ष तोंडाने देतात. आपल्याकडची साक्ष माणूस दुकानात, रांगेत, भाऊबंदकीत देतो, आणि बहुतेक वेळा आपण ती देतोय हे त्याला ठाऊकच नसतं.

ग्रीकमध्ये साक्षीदाराला 'मार्तुस' म्हणतात. त्यावरून इंग्रजीत 'मार्टर', म्हणजे श्रद्धेपायी जीव देणारा, आणि मराठीत त्याला 'रक्तसाक्षी' म्हणतात. शब्दात साक्ष जशीच्या तशी राहिली. आणि ही आपल्या गावाची गोष्ट आहे. १३२१ साली ठाण्यात फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू रक्तसाक्षी झाले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. त्यांचा सोबती जॉर्डनस याने अस्थी गोळा करून सोपाऱ्याला पुरल्या, काही वर्षांनी ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने त्या पार चीनपर्यंत नेल्या. माझे वडील तलावपाळीवरून जाताना ही नावं ओळीने म्हणायचे. आम्ही पोरं पाठोपाठ म्हणायचो.

तरी ताई, भिंतीवर 'साक्ष' नको. साक्ष मोठ्यांची गोष्ट. साक्षीला पाहणारे लागतात, कित्त्याला शिकणारे. तुमच्याकडे शिकणारे आहेत.

कोपरीकर

माझंही मत फिरलं. वर्तमानपत्राने शब्द बिघडवला म्हणून वर्गाने तो का टाकावा? वर्गात तो सरळ अर्थाने भेटला, तरच बाहेरचा वाकडा अर्थ मुलाला वाकडा म्हणून ओळखता येईल.

एक व्याकरणाची शंका उरते. 'विश्वास ठेवणाऱ्यांचा कित्ता' की 'विश्वास ठेवणाऱ्यांना कित्ता'? पेत्रात 'कळपाला कित्ते' आहे, इथे 'चा' का?

वाशीचा पाळक

ग्रीकमध्ये दोन्हीकडे षष्ठीच आहे, म्हणजे मराठीतला चा-ची-चे. पेत्रात मराठीने 'ला' करून अर्थ एकाच बाजूला पक्का केला. तीमथ्यात 'चा' ठेवला, त्यामुळे दोन वाटा मोकळ्या राहिल्या: इतरांनी गिरवावा असा कित्ता, किंवा विश्वास ठेवणारा माणूस कसा असतो ते ज्यात दिसतं असा कित्ता. तीमथ्य तरुण होता, मंडळीत त्याच्याहून मोठे पुष्कळ होते. दुसरी वाट मला जास्त जवळची वाटते, पण 'चा'मध्ये दोन्ही मावतात.

आणि ताई, भिंतीवर जागा असेल तर वचन ४:१२ ला तोडलं तरी चालेल, पण वर्गात ५:१ पर्यंत वाचा. पाचच वचनं पुढे आहे.

ठाण्यातली शब्बाथशाळेची ताई

आत्ता उघडून वाचलं. 'वडील माणसाला टाकून बोलू नकोस, तर त्याला बापासारखे मानून बोध कर.' इतकी वर्षं ४:१२ पाठ आहे, आणि त्या पत्रात पाच वचनांवर काका उभे होते.

रंगारी शनिवारी येणार आहे. 'कित्ता' ठेवते आणि 'चा' ठेवते. दोघी मुलींनाही पटलं. त्यातली एक म्हणाली, वचनाखाली चार रेघा मोकळ्या मारून घेऊ या, पाटीसारख्या. ते रंगाऱ्याला सांगितलं आहे. रविवारी मुलांना आधी पाटी दाखवीन, मग भिंत. पाटी कुणाकडे जुनी पडून असेल तर कळवा, लाकडी चौकटीची हवी. चरई-नौपाडा भागात मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

ऐरोलीचा जुळारी

माझ्याकडे आहे. चौकट एका कोपऱ्यात सुटली आहे, खिळा ठोकून देतो.