वृंदगानात जगभरचे संगीत: गाणे घ्यावे की गाण्याची रीतही?

मंद्रसप्तक (धागाकर्ते):

इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायनवृंदांत, आता मोझार्टच्या शेजारी झुलू, बल्गेरियन, जॉर्जियन आणि क्वचित आपल्याकडचीही गाणी दिसतात. त्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो ती शिकवण्याच्या पद्धतीला. ‘सियाहाम्बा’ हे दक्षिण आफ्रिकेतले झुलू गाणे घ्या. १९७८ मध्ये स्वीडनच्या फ्येदुर या वृंदाने त्या देशाचा दौरा केला, तिथली गाणी पुढे छापली गेली आणि ती जगभरच्या शाळांत पोहोचली. आज अनेक ठिकाणी या गाण्याच्या साथीला जेंबे घेतात. जेंबे हे पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचे हाताने वाजवायचे तालवाद्य, आणि झुलू वृंदगान तर बहुधा वाद्यांविनाच होते. कीर्तनात पखवाजाच्या जागी भांगड्याचा ढोल ठेवून त्याला ‘भारतीय संगीत’ म्हणावे, तसा हा प्रकार आहे.

रागांच्या बाबतीत तर कागदच अपुरा पडतो. दरबारी रागातला कोमल गंधार (ग) पाश्चात्त्य नोटेशनमध्ये एका ठिपक्याने दाखवता येतो, पण त्याचे आंदोलन (संथ डोलणे) आणि मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातली रागाची सावकाश बढत त्या ठिपक्यात मावत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की एका सत्रात एकच परंपरा घ्यावी, ती कानाने शिकवावी, त्या परंपरेतला गायक किमान काही दिवस वर्गात असावा, आणि हे शक्य नसेल तर ते गाणे कार्यक्रमात घेऊच नये.

खर्जवाला:

आपली शेवटची अट मान्य केली, तर बहुतेक शाळा पुन्हा फक्त युरोपीय संगीताकडे वळतील. दर आठवड्याला तास-दीड तास हाती असलेल्या शिक्षकाला परंपरेतला गायक कुठून मिळणार? शिवाय हीच कसोटी आपण जर्मन संगीतकार बाखच्या रचनेला लावत नाही. लायप्झिगच्या चर्चमध्ये कधीही न गेलेली मुले बाख गातात, तेव्हा त्यांना परवाना विचारला जात नाही.

‘कानाने शिकवा’ या आग्रहाबद्दलही मला शंका आहे. आफ्रिका म्हणजे मौखिक परंपरा, हा समजच मुळात बाहेरच्यांचा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वृंदांनी मिशन शाळांतून आलेली ‘टॉनिक सोल-फा’ ही स्वर अक्षरांनी लिहिण्याची लिपी पिढ्यान्पिढ्या वापरली असून तिथले अनेक वृंद आजही त्यावरून गातात. ‘न्कोसी सिकेलेल’ इआफ्रिका’ रचणारे इनॉक सोंटोंगा हे मिशन शाळेतले शिक्षक होते, आणि ते गाणे १८९७ सालचे आहे. ही माणसे कागद वाचत होती. त्यांचे गाणे केवळ ऐकून शिकवले म्हणजे ते अधिक अस्सल होते, असे मानण्यात मला थोडा भाबडेपणा दिसतो. जेंबेचा मुद्दा मात्र बिनतोड आहे, पण ती चूक दहा मिनिटांच्या वाचनाने टळू शकते. त्यासाठी गाणेच बंद करण्याची गरज नाही.

गुरुमुखी:

मी धागाकर्त्यांच्याही एक पाऊल पुढे जाईन. राग हा वृंदगानाचा विषयच नाही. त्यातला प्रत्येक स्वर स्थिर षड्जाशी (सा) नाते सांगत असतो. त्याखाली बदलते कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, घातले की ते नाते दर मात्रेला तुटते. त्यात सराव पियानोवर. त्यावरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि कान त्यालाच सरावले की ‘भारतीय रचना’ हे फक्त मुखपृष्ठावरचे शब्द उरतात. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी १९०५ पासून गावोगावी लोकगीते गोळा केली आणि मुलाने आधी स्वतःच्या भाषेतले संगीत आत्मसात करावे असा आग्रह धरला. जगभरचे थोडे थोडे चाखायला देण्यापेक्षा मला तो मार्ग शहाणपणाचा वाटतो.

साष्टीकर:

गुरुमुखी, आपण कोदाय यांचे नाव घेतलेत, पण त्यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतीतल्या, स्वर दाखवणाऱ्या हाताच्या खुणा इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून आल्या आहेत, आणि वर खर्जवाल्यांनी सांगितलेली सोल-फा रुजवण्यातही त्याच कर्वेन यांचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या संगीताचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसालाही साधने परक्यांची चालली.

आता गोव्याबद्दल. आमच्या चर्चना जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत असत. त्याच वातावरणातून एकोणिसाव्या शतकात मांडो हा कोंकणी गीतप्रकार उभा राहिला. तो दोन गळ्यांत, बहुतेक तिसऱ्या आणि सहाव्या स्वराच्या अंतराने गातात. सोबत व्हायोलिन आणि घुमट हे मातीचे तालवाद्य. कोंकणी शब्द, युरोपीय स्वरसंवाद आणि मातीचे वाद्य यांपैकी आपण नेमके कोणते वगळणार? मुंबईतही संगीतकार व्हिक्टर परांजोती यांनी ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’सारखी भारतीय ढंगाची बहुस्वरी रचना केली, ती परदेशातले वृंद गातात, आणि कुमी वाडिया यांनी परांजोती अकादमी कोरस हा वृंद अनेक दशके सांभाळला. यात राग शास्त्रशुद्ध आहे का, हा प्रश्न गैरलागू आहे, कारण रागदारी सादर करण्याचा दावाच तिथे नाही.

काठावरचा:

बल्गेरियाचा दाखला इथे यायला हवा. तिथल्या शोप भागातल्या बायका दोन आवाजांत, अगदी लगतचे स्वर एकमेकांवर घासत गातात. आपल्याला खटकणारे ते अंतर त्यांना सुरेलच वाटते. १९५१ मध्ये फिलिप कुतेव यांनी सरकारी वृंद स्थापन करून गावोगावच्या गायिका राजधानीत आणल्या आणि त्यांच्यासाठी अनेक आवाजांच्या नव्या मांडण्या लिहिल्या. पुढे बल्गेरियन स्त्रीवृंदांची ध्वनिमुद्रणे पश्चिमेत गाजली, १९९० मध्ये त्यांपैकी एका संग्रहाला ग्रॅमीही मिळाले, आणि श्रोत्यांनी तेच गाणे प्राचीन म्हणून डोक्यावर घेतले. अशी मांडणी शिकवण्यात काही गैर नाही. परंतु ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी केली, हे कार्यक्रमपत्रिकेत न लिहिणे मात्र गैर आहे.

मंद्रसप्तक:

खर्जवाला यांचा सोल-फाचा मुद्दा मोलाचा आहे. त्यामुळे ‘कानाने’ऐवजी ‘त्या परंपरेत ज्या रीतीने शिकतात त्या रीतीने’ असे म्हणायला मी तयार आहे. बाखशी केलेली तुलना मात्र मला पटत नाही. त्याचे संगीत शिकवणारा पाश्चात्त्य शिक्षक वर्षानुवर्षे त्याच रीतीत तयार झालेला असतो. जॉर्जियन गाण्याच्या बाबतीत तशी तयारी बहुतेकांकडे नसते. त्याचे स्वरांतर पियानोवर सापडतच नाही, आणि तरी पहिला सराव पियानोवरच होतो. साष्टीकरांचा मांडो माझ्याच बाजूने बोलतो, असे मला वाटते: तो तिथे राहणाऱ्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या घडवला, परक्या शाळेने कार्यक्रमाच्या अखेरीस तीन मिनिटांसाठी उसना घेतलेला नाही.

साष्टीकर:

तीन मिनिटांचा मांडो ऐकून एखादा मुलगा घुमट कुठे मिळतो असे विचारायला आला, तर मी ती तीन मिनिटे वाया गेली म्हणणार नाही. आपली सत्रभराची योजना उत्तम आहे, पण तिचा खर्च कोण देणार आणि पालकांच्या कार्यक्रमात त्या सत्रात दुसरे काय गायचे, हे एकदा सविस्तर लिहा. त्यावर बोलायला मला आवडेल.