जर्मनीला निघताना पीएफ काढायचा, मेडिक्लेम बंद करायचा? दोन्ही चूक, असं माझं मत

गंगापूररोडकर
नाशिकच्या सातपूर-अंबडमधून जर्मनीला निघणाऱ्या प्रत्येकाला हल्ली एकच सल्ला मिळतो: "पीएफ काढ, मेडिक्लेम बंद कर, तिकडं सगळं सरकार बघतं." हा सल्ला महागात पडतो. नवरा-बायको, दोन मुलं, नाशिकला वडील ७१ आणि आई ६६, मुक्काम तीन वर्षांचा, असं घर धरून बोलू.

आधी नेमणुकीचं पत्र वाचा. इथल्याच कंपनीनं पाठवलं असेल तर निघण्याआधी ईपीएफओकडून, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून, सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (इथला पीएफ चालू असल्याचा दाखला) घ्या. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्यानुसार ४८ महिन्यांपर्यंत तिकडचं पेन्शन कापलं जात नाही, इथला पीएफ चालू राहतो. पण आरोग्य विमा या करारात नाही! कागद हातात आला की लोक निर्धास्त होतात, आणि तिथे पोचल्यावर विम्याशिवाय व्हिसाचं काम अडतं.

तिकडच्या कंपनीचा थेट करार असेल तर पेन्शनला पगाराच्या १८.६ टक्के जातात, निम्मे तुमचे, निम्मे मालकाचे. सरकारी आरोग्य विम्यात कमाई नसलेली बायको आणि मुलं जादा हप्त्याशिवाय बसतात. खासगीत माणशी वेगळा हप्ता. एकटा असताना खासगी स्वस्त वाटतो, दोन पोरं आली की गणित फिरतं. आईवडील मात्र तिथल्या कुटुंब विम्यात बसत नाहीत.

आणि इथला मेडिक्लेम सोडला तर आधीच्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंतची प्रतीक्षा पहिल्यापासून. ६० महिन्यांचा मोरॅटोरियमही शून्यावर, म्हणजे "आजार लपवला" म्हणून दावा नाकारायला कंपनी पुन्हा मोकळी.

द्वारकाचौक
साहेब, न पटणारं आहे. इथली पॉलिसी साधारण भारतातल्याच उपचारांचे पैसे देते. तीन वर्षं हप्ता भरायचा कशासाठी? तेवढीच रक्कम एफडीत टाका. २०२४ पासून नवीन पॉलिसीला वयाची अटही राहिलेली नाही. पस्तिशीतल्या निरोगी जोडप्यानं परत येऊन नवी घ्यावी.

गंगापूररोडकर
वयाची अट गेली म्हणजे कंपनीला प्रत्येकाला घ्यावंच लागतं असं नाही. पस्तिशीत निरोगी असलेला अडतिसाव्या वर्षी शुगरची गोळी लिहून फॉर्म भरतो, मग हप्ता वाढतो किंवा नकार येतो. हप्ता जड वाटत असेल तर विमा रक्कम कमी करा, २० लाखांची ५ लाख. परतल्यावर वाढवाल तेव्हा फक्त वाढीव भागाला प्रतीक्षा लागते, जुन्या पाच लाखांचं वय कायम राहतं.

शिवाय आईवडील याच फ्लोटरमध्ये, म्हणजे घरभरासाठीच्या एकाच पॉलिसीत, असतील तर आधी त्यांना वेगळं काढा. फ्लोटरचा हप्ता सगळ्यांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, ७१ वर्षांच्या वडिलांपायी पोरांचाही महाग होतो.

आडगावनाका
मेडिक्लेमचं मान्य. पीएफ ठेवायचं मात्र अजिबात नाही. पीएफबरोबरच्या ईपीएस या पेन्शन योजनेची पेन्शन किती? पगाराची मर्यादा १५,००० × नोकरीची ७ वर्षं ÷ ७० = १,५०० रुपये महिना, तेही १० वर्षांची अट पुरी झाली तर, ५८ व्या वर्षी. एवढ्यात तेव्हा लाइटबिल तरी भागेल का?

गंगापूररोडकर
भाऊ, पंधराशेसाठी नाही म्हणत. फॉर्म १०सी भरून पैसे घेतले की ती सात वर्षं पुसली जातात. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (ईपीएसच्या वर्षांचा दाखला) घेतलं तर ती जिवंत राहतात, आणि करारानुसार जर्मनीत पेन्शनच्या हक्कासाठी लागणाऱ्या ६० महिन्यांच्या अटीत मोजता येतात. तिथे ३६ महिने झाले, इथले ८४, हक्क तयार.

आडगावनाका
६० पेक्षा कमी महिने झाले तर तिथून पैसे परत मिळतात की! थेट रोकड.

गंगापूररोडकर
मिळतात, पण सोडल्यावर २४ महिने थांबून, आणि फक्त तुमचा निम्मा हिस्सा. आकडा मांडतो. ५,००० युरो पगारावर तुमचे ९.३ टक्के म्हणजे महिना ४६५, तीन वर्षांचे १६,७४० युरो. तेवढेच मालकानं भरलेले, ते तिथेच राहिले. पैसे न काढता ६७ व्या वर्षापर्यंत थांबलात, तर तिथली पेन्शन ज्यावर ठरते ते साधारण साडेतीन गुण जमतात. जुलै २०२५ च्या ४०.७९ युरोच्या दरानं महिना सुमारे १४५ युरो, आयुष्यभर, आणि गुणाचा दर पगारांबरोबर वाढतो. साडेनऊ-दहा वर्षांत ते १६,७४० युरो वसूल.

आडगावनाका
६७ पर्यंत जगलो तर! १६,७४० युरो आज गुंतवले तर तीस वर्षांत त्याचे किती होतील ते पण मांडा ना. शिवाय तुमचं सगळं ईपीएसवर उभं आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा लागलेल्या आणि बेसिक १५,००० च्या वर असलेल्या पोरांना ईपीएसच नाही. त्यांच्या पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य असतो.

गंगापूररोडकर
हे बरोबर पकडलंत. पासबुक उघडून तो रकाना आधी बघायचा. शून्य असेल तर माझं अर्धं म्हणणं गळतं, मग तुमचा मार्ग बरा.

देवळालीकॅम्प
मूळ प्रश्न आईवडिलांचा, त्याला कोणी हात लावेना. वडील ७१, म्हणजे आयुष्मानचं ७० वरचं कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आई ६६, तिला ते लागू नाही, तिची पॉलिसी वेगळीच हवी. खासगी पॉलिसी असली तरी कार्ड घेता येतं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) असलेल्यांना मात्र ती आणि आयुष्मान यांतलं एकच निवडावं लागतं. देवळाली-नाशिकरोडच्या माजी सैनिकांच्या घरात हे आधी विचारा.

पॉलिसी घेताना खोलीभाड्याची मर्यादा बघा. मर्यादा ५,००० आणि खोली ८,००० ची घेतली, तर डॉक्टर-शस्त्रक्रियेच्या फीलाही ५/८ ची कात्री लागते. औषधं आणि इम्प्लांट त्यातून सुटतात. पोरगं स्टुटगार्टहून फोनवर "चांगली रूम घ्या" म्हणतं आणि बिल इथे फुगतं.

द्वारकाचौक
ताई, हे पटलं. एक भर घालतो: आधारला जोडलेलं सिम बंद पडू देऊ नका. पीएफच्या दाव्याचा ओटीपी त्यावरच येतो. निघण्याआधी ई-नॉमिनेशन (पीएफच्या वारसाची ऑनलाइन नोंद) करा आणि आधार व पीएफमधलं नाव अक्षरशः जुळवा. पण जोडप्याच्या मेडिक्लेमचं माझं मत तेच: पाच लाखांवर आणा म्हणता, मी म्हणतो सोडाच.